बीबीए कुठून? फोंडा तालुक्यातल्या एका घराचा हिशेब

मुलगी फोंडा तालुक्यातली. गोवा बोर्डातून कॉमर्सची बारावी, ८४ टक्के. वडिलांचं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान, आई सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका, धाकटा भाऊ नववीत. निकाल लागून आठवडा झाला नसेल, तोच बापलेक दोघं माझ्याकडे आले. मी कॉमर्स शिकवतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत शिकवण्यापेक्षा असल्या चौकशांतच जास्त वेळ जातो. बाबांच्या हातात पाच नावं लिहिलेला कागद होता. वर ठळक अक्षरांत ‘बिझनेस डिग्री’ आणि खाली प्रश्न एकच: ‘कुठलं युनिव्हर्सिटी बरं?’

कागदावर होतं ते असं. घरून बसने जाता येईल अशा एका कॉलेजातलं बीबीए, म्हणजे बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशनची पदवी, गोवा विद्यापीठाशी संलग्न. पणजीतल्या एका व्यापारी इमारतीत भरणारी संस्था, जिची पदवी परराज्यातल्या कुठल्याशा खाजगी विद्यापीठाची. पुण्यातलं एक अभिमत विद्यापीठ, मामांच्या पसंतीचं. पुण्यातलंच एक जुनं कॉमर्स कॉलेज, साधं बी.कॉम. आणि शेवटी दिल्ली विद्यापीठाचं बीएमएस, म्हणजे मॅनेजमेंट स्टडीजची पदवी, जे मुलीने स्वतः घातलं होतं.

दिल्ली पाच मिनिटांत गळली. सीयूईटी, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांची सामायिक प्रवेशपरीक्षा, २०२२ पासून आहे, अर्ज करायलाही हरकत नव्हती. पण तिथल्या बीएमएसला सीयूईटीमध्ये गणित द्यावं लागतं आणि या मुलीने अकरावीत गणित सोडून सेक्रेटेरियल प्रॅक्टिस घेतलं होतं. ‘मार्क सोपे मिळतात’ असं कुणीतरी सांगितलं होतं म्हणे. मार्क मिळालेही. आमच्याकडे दरवर्षी किती दारं अकरावीच्या जूनमध्येच बंद होतात आणि ती बंद झाल्याचं दोन वर्षांनी कळतं, यावर स्वतंत्र लिहायला हवं. आयआयएम इंदूरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम मामांनी फोनवर सुचवला होता. त्याच्या प्रवेशपरीक्षेत गणिताचाच भरणा, त्यामुळे तोही तिथेच थांबला.

पणजीच्या संस्थेला थोडा जास्त वेळ लागला, कारण फी कमी होती आणि माहितीपत्रक झकास होतं. मी बाबांना एवढंच विचारलं की पदवी देणारं विद्यापीठ कुठल्या राज्याच्या कायद्याने झालंय. ते त्यांनी संस्थेला विचारलं. उत्तर आलं, ‘यूजीसी मान्य आहे.’ विद्यापीठ यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, यादीत होतंही. पण राज्याच्या कायद्याने झालेल्या खाजगी विद्यापीठाला बाहेरची कॉलेजं संलग्न करून घेता येत नाहीत. विद्यापीठ खरं आणि पणजीतला वर्ग मात्र बेकायदा, असं होऊ शकतं. मान्यता आहे का एवढं विचारून भागत नाही. मान्यता कशाला, कुठल्या जागेला आणि कुठल्या अभ्यासक्रमाला, हे विचारावं लागतं. २०२४-२५ पासून बीबीए आणि बीसीए हे एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आलेत, म्हणजे बीबीए चालवणाऱ्या संलग्न कॉलेजाचं नाव तिथल्या यादीतही बघायचं. बी.कॉम.ला हे लागू नाही.

आजोबांची पदवी

उरली तीन. इथे बाबांचा गोंधळ नीट समजून घ्यायला हवा, कारण तो बहुतेक पालकांचा असतो. ते ‘विद्यापीठ’ निवडायला निघाले होते, पण गोव्यात राहायचं तर बीबीएपुरता हा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नाही. गोवा विद्यापीठ ताळगावच्या पठारावर आहे, तिथे मुख्यतः पदव्युत्तर वर्ग चालतात. पदवीचं शिक्षण होतं ते कॉलेजात. अभ्यासक्रम आणि सर्टिफिकेट विद्यापीठाचं, शिकवणं कॉलेजाचं. स्वायत्त कॉलेज असेल तर अभ्यासक्रम आणि परीक्षाही कॉलेजाची. मडगावचं चौगुले कॉलेज २०१४ पासून तसं आहे. पदवी तरीही विद्यापीठाचीच.

हे मी समजावत होतो आणि बाबांना पटत नव्हतं. मग त्यांनाच आठवलं की त्यांच्या सासऱ्यांनी बी.कॉम. केलं ते पणजीच्या डेंपो कॉलेजात, आणि घरी फ्रेम करून लावलेल्या सर्टिफिकेटवर नाव आहे मुंबई विद्यापीठाचं. १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ सुरू होईपर्यंत इथली कॉलेजं मुंबईलाच जोडलेली होती. ‘म्हणजे सासरे मुंबईला गेलेच नाहीत?’ असं ते म्हणाले आणि हसले. त्यानंतर आमची चर्चा सोपी झाली. विद्यापीठाच्या नावाऐवजी आम्ही कॉलेजाच्या वर्गाबद्दल बोलायला लागलो.

पुण्याच्या अभिमत विद्यापीठाचं गणित मात्र वेगळं. तिथे शिकवणारा, परीक्षा घेणारा आणि पदवी देणारा एकच. त्याची चांगली बाजू अशी की अभ्यासक्रम पटकन बदलता येतो. वाईट बाजू अशी की तुमच्या मार्कांची तुलना करायला बाहेरचं कुणी नाही.

रँक कुणाचा, पॅकेज कुणाचं

मामा हिंजवडीत नोकरीला. त्यांचा आग्रह अभिमत विद्यापीठाचा, आणि आधार दोन: एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीतला रँक आणि प्लेसमेंटचा आकडा. दोन्ही खरे होते. दोन्हींचा या मुलीशी संबंध कितपत, हा प्रश्न होता.

एनआयआरएफच्या विद्यापीठ गटात १०० पैकी ३० गुण अध्यापन आणि साधनसुविधांना, ३० संशोधन आणि व्यावसायिक कामाला, २० पदवीधरांच्या वाटचालीला, १० सर्वसमावेशकतेला आणि १० लोकमताला. यातले संशोधनाचे ३० गुण एखाद्या विद्यापीठाला त्याच्या अभियांत्रिकी किंवा जीवशास्त्र विभागामुळे मिळालेले असू शकतात. बीबीएच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात उभं राहून अकाउंट्स शिकवणाऱ्या माणसाबद्दल तो रँक काही सांगत नाही. आणि ‘मॅनेजमेंट’ गटातला रँक असेल, तर तिथे मोजमाप प्रामुख्याने एमबीएचं होतं. संस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची श्रेणीसुद्धा संपूर्ण संस्थेची असते. ए++ म्हणजे चारपैकी ३.५१ किंवा त्याहून जास्त, ही माहिती उपयोगी आहे, पण ती पाहणी कुठल्या साली झाली तेही बघावं.

प्लेसमेंटचं पान मी मुलीलाच वाचायला दिलं. चकचकीत कागद, कोट घातलेल्या मुलामुलींचे फोटो, फोटोखाली कंपनी आणि लाखांतला आकडा. तिने दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, ‘सर, ही सगळी एमबीएची आहेत.’ प्रत्येक नावाखाली बारीक अक्षरांत अभ्यासक्रम दिला होता. बारापैकी एकही बीबीएचा नव्हता.

मग तिनेच ईमेल लिहिला. मसुदा तिचा, मी फक्त दोन वाक्यं तोडली. मागच्या बीबीएच्या तुकडीत किती विद्यार्थी होते, त्यांतल्या किती जणांनी प्लेसमेंटसाठी नाव दिलं, किती जणांना नोकरी मिळाली, आणि पगाराची सरासरी नको, मधला आकडा काय, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने मांडले तर मधोमध येणारा. सरासरी नको, कारण एकाला २० लाख आणि नऊ जणांना तीन-तीन लाख मिळाले तरी सरासरी ४ लाख ७० हजार येते आणि तेवढा पगार त्या दहांपैकी कुणालाच नसतो. ईमेलला उत्तर आलं नाही. फोन मात्र आला, प्रवेश समुपदेशकाचा. त्यात मधला आकडा नव्हता. ‘मॅडम, आज सीट ब्लॉक केली तर २५ टक्के स्कॉलरशिप’ एवढं होतं.

स्कॉलरशिप हा शब्द ऐकला की आपल्याकडे घरातली हवा बदलते. आईने पैसे भरायची तयारी दाखवली, पन्नास हजारांची गोष्ट होती. मी सुचवलं की प्रवेश रद्द केल्यास पैसे कसे परत मिळतील, हे त्यांच्याकडून लेखी मागवा. यूजीसीची २०१८ ची अधिसूचना स्पष्ट आहे. प्रवेशाची जी शेवटची तारीख संस्थेने जाहीर केली असेल, तिच्या १५ दिवस वा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत (प्रक्रिया शुल्क म्हणून पाच टक्के, तेही जास्तीत जास्त पाच हजार, कापता येतात), शेवटच्या १५ दिवसांत ९० टक्के, तारीख उलटून १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, १५ ते ३० दिवसांत ५० टक्के आणि नंतर काही नाही. मूळ मार्कशीट संस्थेला अडकवून ठेवता येत नाही, हेही त्याच अधिसूचनेत आहे. परताव्याची अट लेखी मागितल्यावर समुपदेशकाचे फोन विरळ झाले. स्कॉलरशिपची ‘आजची’ मुदत त्यानंतर तीन वेळा वाढली, ते एसएमएसवरून कळत राहिलं.

हप्ता

पुण्याच्या अभिमत विद्यापीठाचा तीन वर्षांचा खर्च, वसतिगृह आणि मेस धरून, चौदा लाखांच्या घरात जात होता. बाबांचं म्हणणं होतं की चार लाख घरातून, दहा लाख कर्ज. दुकानदार माणूस, कर्जाला घाबरत नाही. पण शैक्षणिक कर्जाचा हप्ता त्यांनी काढलाच नव्हता, कारण ‘तो बाय फेडणार,’ म्हणजे मुलगी.

मुलगी रोज संध्याकाळी दुकानात टॅलीवर बिलं चढवते. ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या जीएसटी विवरणपत्राची, जुळणी करून सीएकडे पाठवणं हे गेलं वर्षभर तिचंच काम. तिला म्हटलं, काढ. तिने एक्सेल उघडून काढलं.

दहा लाख तीन समान भागांत, दर वर्षाच्या सुरुवातीला. व्याज १० टक्के धरलं. शिक्षणाची तीन वर्षं आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नाही, पण साधं व्याज चढत राहतं, ते होतं तीन लाख. म्हणजे फेडायला सुरुवात होताना तेरा लाख. सात वर्षांच्या मुदतीत महिन्याचा हप्ता २१,५८०. एकूण परतफेड १८ लाख १३ हजार.

आकडा पडद्यावर आल्यावर कुणी काही बोललं नाही. मग बाबांनी विचारलं, ‘पहिला पगार किती असतो गे?’ वेर्णा, कुंडई, मडकई इथल्या कारखान्यांच्या ऑफिसांत किंवा हॉटेलच्या अकाउंट्स विभागात नव्या पदवीधराला काय मिळतं, ते बाबांना गिऱ्हाइकांमुळे बऱ्यापैकी माहीत होतं. हप्ता भरून हातात काय उरेल, हे सांगायला एक्सेल लागत नव्हतं. पुण्या-मुंबईत पगार जास्त, पण तिथे खोलीचं भाडंही आहे.

गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्ज योजना आहे, ती बाबांना ठाऊकच नव्हती. वास्तव्याच्या वगैरे अटींत बसलात तर तिचा अर्ज जरूर करा, मी प्रत्येकाला सांगतो. पण व्याज शून्य धरलं तरी दहा लाखांना ८४ महिन्यांनी भागलं की बारा हजारांच्या आसपास येतात. बिनव्याजी म्हणजे फुकट नव्हे, हे आईने स्वतःहून म्हटलं.

कर्ज काढून बीबीए करू नये, असं माझं मत नाही. पदवीच्या टप्प्यावर काढायचं की पुढच्या, एवढाच मुद्दा. एमबीएला जायचंच असेल तर खर्चाचा मोठा घास तिथे आहे आणि संस्थेच्या नावाला खरी किंमतही तिथेच आहे. साखळीजवळच्या गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचं नाव बाबा अधूनमधून घेत होते. तिथला गाजलेला अभ्यासक्रम पदवीनंतरचाच. एमबीएसाठीची प्रवेशपरीक्षा कॅट देताना पदवी बीबीएची हवी असं कुणी विचारत नाही. उलट बीबीए करून एमबीएला गेलेली मुलं सांगतात की पहिल्या वर्षाचं अर्धं मार्केटिंग आणि ओबी (ऑर्गनायझेशनल बिहेवियर) पुन्हा तेच.

बघून आल्यावर

मे महिन्यात मायलेकी मामांकडे गेल्या आणि पुण्याची दोन्ही ठिकाणं बघून आल्या. मी तिला फक्त एक काम दिलं होतं: दुसऱ्या वर्षाचं वेळापत्रक मिळालं तर फोटो काढ. पहिल्या वर्षाचं नको. पहिल्या वर्षाला सगळेच चांगले शिक्षक देतात.

अभिमत विद्यापीठात काचेचा दर्शनी भाग, वातानुकूलित वर्ग आणि कॅन्टीनमध्ये कॉफीचं यंत्र. वेळापत्रक सूचना फलकावर नव्हतं, ॲपवर होतं. कॅन्टीनमध्ये म्हापशाची एक मुलगी भेटली, दुसऱ्या वर्षाची, तिने मोबाइलवर दाखवलं. सहापैकी चार विषयांपुढे ‘व्हिजिटिंग फॅकल्टी’, म्हणजे तासापुरते येणारे बाहेरचे शिक्षक. म्हापशाची मुलगी मात्र खूश होती. ते व्हिजिटिंगवाले कंपन्यांतले लोक आहेत, त्यांतल्या एकामुळेच तिला उन्हाळ्यात इंटर्नशिप मिळाली, बरोबरची मुलं दहा राज्यांतली आहेत, आणि आधी चार माणसांत इंग्रजी बोलायला घाबरायची ती आता वर्गात उभी राहून प्रेझेंटेशन देते. हे सगळं मुलीने मला जसंच्या तसं सांगितलं आणि मला ते महत्त्वाचं वाटलं. माहितीपत्रकातलं काहीच तिने सांगितलं नाही.

जुनं कॉमर्स कॉलेज तिला पहिल्या नजरेत आवडलं नाही. दगडी इमारत, गर्दी, ऑफिसच्या खिडकीवर रांग. पण वेळापत्रक फलकावर होतं आणि प्रत्येक तासापुढे शिक्षकाच्या नावाची आद्याक्षरं. ग्रंथालयात दुपारी तीन वाजता बसायला जागा नव्हती. बहुतेकांपुढे सीएची पुस्तकं. बी.कॉम. असल्यामुळे महाराष्ट्राची बीबीएसाठीची सीईटीही लागणार नव्हती, जिच्या अर्जाची मुदत या घराने आधीच हुकवली होती. फी आवाक्यातली, पण राहण्या-जेवण्याचा खर्च होताच.

गोव्यातल्या कॉलेजाचं काय, तर ते तिला माहीतच होतं. तिची मावसबहीण तिथेच शिकलेली. अकाउंट्स आणि कॉस्टिंगचे शिक्षक चांगले, वर्षानुवर्षं तेच. इंटर्नशिप नावापुरती, अर्धी मुलं काकाच्या नाहीतर शेजाऱ्याच्या फर्मचा शिक्का आणून जमा करतात. कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्या कमी. आणि सगळ्यांत मोठी अडचण तिने तोंडाने सांगितली ती: ‘सर, तिथे माझा अख्खा बारावीचा वर्गच येणार.’

यात तिचं चुकलं नव्हतं. अठराव्या वर्षी आजूबाजूला कोण आहे, याचा परिणाम अभ्यासक्रमाहून मोठा असतो. फोंडा तालुक्यातून बाहेर न पडलेल्या मुलीला वसतिगृहाची तीन वर्षं जे शिकवतील ते कुठल्याच ट्रान्सक्रिप्टवर येत नाही. बाबांना हे खर्चाच्या रकान्यात दिसत होतं, मला जमेच्या.

निर्णय

शेवटची बैठक दुकानातच झाली, कारण बाबांना गल्ला सोडून येता येत नव्हतं. मामा स्पीकरवर. मी मुलीला विचारलं की बिझनेस डिग्रीतलं नेमकं काय आवडेल असं वाटतं. ती थोडं घुटमळली. मार्केटिंग, एचआर असं काहीबाही म्हणाली. तेवढ्यात एक कंत्राटदार वायरचं बिल घेऊन आला. मागच्या महिन्याची क्रेडिट नोट लागली नाही म्हणून त्याची तक्रार होती. तिने संगणकावर दोन मिनिटांत नोंद काढली, चूक त्याच्या अकाउंटंटची आहे हे दाखवलं आणि तो गेला. आई म्हणाली, ‘हे आवडतं तिला.’

मामांना पटलं नाही. हिशेब काय कुणीही करतं, मॅनेजमेंट वेगळं, असं त्यांचं म्हणणं. पण मुलीने त्या संध्याकाळी पहिल्यांदा बीबीए हा शब्द बाजूला ठेवला आणि बी.कॉम. व सीए असं बोलली. बारावीनंतर सीएची पहिली परीक्षा, म्हणजे फाउंडेशन, देता येते, ती परीक्षा आता वर्षातून तीनदा होते, आणि आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, नव्या योजनेत तीनाऐवजी दोन वर्षांची झालीय. फाउंडेशन जमलं नाही, तरी कॉमर्सच्या पदवीला ५५ टक्के असले की थेट इंटरमिजिएटला, म्हणजे पुढच्या परीक्षेला, नाव घालता येतं. म्हणजे बी.कॉम. कुठल्याही परिस्थितीत वाया जात नव्हतं.

आता प्रश्न पुण्याचं बी.कॉम. की गोव्यातलं, एवढाच राहिला. माझं मत पुण्याच्या बाजूने होतं आणि ते मी सांगितलं. ग्रंथालयातली ती तीन वाजताची गर्दी मला मोलाची वाटत होती. तिने गोवा निवडलं. कारण तिने दिलं ते बाबांना बरं वाटेल असं नव्हतं: भाऊ बारावीला जाईपर्यंत दुकानाचं जीएसटी बघणारं दुसरं कुणी नाही, आणि बाहेरच्या माणसाला हिशेब दाखवायला बाबा तयार होणार नाहीत. बाबांनी ‘तसं काही नाही’ म्हटलं. कुणी वाद घातला नाही. मला तो निर्णय घराच्या सोयीचा वाटला, तिच्या नव्हे, आणि हे मी आईला नंतर वेगळं सांगितलंही. आई म्हणाली, ‘सर, मीही डी.एड. घराच्या सोयीनेच केलं.’ त्यात समर्थन होतं की कबुली, ते मला ठरवता आलं नाही.

पण एक गोष्ट आईने पक्की करून घेतली. घरातून द्यायचे ठरलेले चार लाख मोडायचे नाहीत. मुलीच्या नावावर मुदत ठेव, आणि आर्टिकलशिप गोव्याबाहेर, पुण्यात किंवा मुंबईतच करायची. बाबांनी हे कागदावर लिहून दिलं, पाच नावांच्या त्याच कागदाच्या पाठीमागे.

सध्या ती पहिल्या वर्षाला आहे. फाउंडेशनचा पहिला प्रयत्न गेला; इकॉनॉमिक्सने नाही, अकरावीत सोडलेल्या गणिताच्या पेपरने. आता शनिवार-रविवार गणिताचा क्लास सुरू केलाय. नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणामुळे तीन वर्षांनी बाहेर पडायचं की चौथं वर्ष करून ऑनर्स घ्यायची, हा पर्यायही पुढे आहे. आर्टिकलशिप धरायची असेल तर चौथं वर्ष अडचणीचंच ठरेल. मामा अजून दर महिन्याला अभिमत विद्यापीठाच्या एखाद्या विद्यार्थ्याची यशोगाथा व्हॉट्सॲपवर पाठवतात. ती आधी अभ्यासक्रमाचं नाव शोधते आणि मग त्यांना उत्तर पाठवते: ‘मामा, हापण एमबीए.’